बाहुला, कुंडी आणि पांढरा हातमोजा: १८ मिनिटांची एक फिल्म सरकारला २० वर्षं का नको होती?

एक बाहुला आहे. विदूषकासारखे कपडे घातलेला, एकटाच राहणारा. त्याच्या खोलीत एक पलंग, एक कपाट, मातीकामाचं चाक आणि गुलाबाचं एक रोप. सकाळी उठायचं, रोपाला पाणी घालायचं आणि त्याच्यासाठी कुंडी घडवायला बसायचं, एवढंच त्याचं आयुष्य. कुणाबद्दल तक्रार नाही, कुणाशी भांडण नाही.

मग टकटक होते. आत येतो एक हात. माणसाचा, खराखुरा, पांढरा हातमोजा घातलेला, बाहुल्याच्या खोलीत जेमतेम मावेल एवढा मोठा. कुंडी फुटते. हात ओली माती पुढे ओढतो आणि तिचा एक हात करून दाखवतो, बोट रोखलेला. मागणी अगदी साधी आहे. कुंड्या पुरे झाल्या, आता माझा पुतळा कर.

बाहुला मान हलवून नाही म्हणतो. पुढची सगळी फिल्म या एका ‘नाही’चं काय होतं, त्याची आहे.

फिल्मचं नाव ‘रुका’. चेक भाषेत रुका म्हणजे हात. (नाही, कुठल्याही पक्षाच्या निवडणूक चिन्हाशी संबंध नाही. कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.) १९६५ साली तेव्हाच्या कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात यिरी त्रन्का यांनी ती बनवली. सरकारी स्टुडिओत, सरकारी पैशातून. त्याच सरकारी व्यवस्थेने नंतर तिच्यावर बंदी घातली आणि ती जवळपास २० वर्षं टिकली.

जोक, कार्टून, व्यंग यांच्यावरून रोज कुठे ना कुठे वाद पेटत असताना या फिल्मचं नाव काढायचं कारण म्हणजे, बंदी नेमकी कशी येते याबद्दल आपल्या डोक्यात जे चित्र असतं ते ‘रुका’ पार उलटं करून टाकते. आपल्याला वाटतं आधी धमकी, मग बंदी, मग तुरुंग. त्रन्कांच्या फिल्ममध्ये धमकी फार उशिरा येते. आधी येतात भेटवस्तू.

फिल्ममध्ये होतं काय?

(स्पॉयलर आहेत. पण फिल्म ६० वर्षं जुनी आहे, त्यामुळे माफी मागणार नाही.)

पहिल्यांदा हकालपट्टी झाल्यावर हात रागावत नाही. तो परत येतो, या वेळी जास्त सभ्यपणे. फोन वाजतो. पलीकडे हातच. बाहुला पुन्हा नाही म्हणतो. मग खोलीत टीव्ही येतो आणि त्यावर जगाच्या इतिहासातले हातच हात दिसू लागतात. मशाल धरलेला स्वातंत्र्यदेवतेचा हात, तराजू धरलेला न्यायदेवतेचा हात, कोटात खुपसलेला नेपोलियनचा हात. म्हणजे बघ, हात किती थोर असतो, मग त्याचा पुतळा करायला तुला अडचण काय?

आजच्या भाषेत सांगायचं तर हे ‘नॅरेटिव्ह सेट करणं’. पण बाहुला काही बधत नाही.

मग हात काळ्या जाळीदार मोज्यात येतो. नाचरा, लाडिक, मोहात पाडणारा. फिल्ममधला हा सगळ्यात विनोदी आणि सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. एक हात, फक्त हात, बोटांच्या चालीतून इतका लाघवी होऊ शकतो हे बघताना हसू येतं आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात येतं की हा तोच मघाचा हात आहे.

इथवर एकदाही मारहाण झालेली नाही. बळाचा वापर होतो तो यानंतर. बाहुल्याला दोऱ्या बांधल्या जातात आणि त्याला एका सोनेरी पिंजऱ्यात टाकलं जातं. तिथे तो दोऱ्यांच्या तालावर दगडाचा एक अवाढव्य हात कोरतो. काम झाल्यावर त्याच्या छातीवर पदकं लागतात, डोक्यावर मानाचं पान चढतं. पिंजरा तोच, फक्त आता आतला माणूस सन्माननीय झालेला.

एका संधीला तो मेणबत्तीच्या ज्योतीवर दोऱ्या जाळतो, पिंजऱ्यातून निसटतो आणि धावत घरी येतो. हात पुन्हा येणार हे त्याला माहीत आहे. म्हणून तो दारं-खिडक्या ठोकून बंद करायला लागतो. आवडती कुंडी सुरक्षित राहावी म्हणून उंचावर, कपाटावर नेऊन ठेवतो.

ठोकाठोकीत कपाट हलतं. कुंडी खाली येते, थेट त्याच्या डोक्यावर. बाहुला मरतो.

हाताने त्याला मारलेलं नाही, हे इथे नीट लक्षात घ्या. तो मरतो स्वतःच्याच कुंडीने, स्वतःचंच घर बंद करताना. आणि मग हात येतो, त्याच्या कपाटाची शवपेटी करतो, त्याला पदकं लावतो, मानाने निरोप देतो आणि सलामी ठोकतो. ज्या माणसाला आयुष्यभर कुंड्या करायच्या होत्या त्याला पुतळेवाला म्हणून सरकारी इतमामात पोचवलं जातं.

‘डार्क कॉमेडी’ हा शब्द आपण हल्ली कुठेही चिकटवतो. वेब सिरीजमध्ये दोन खून आणि चार शिव्या असल्या की झाली डार्क कॉमेडी. ‘रुका’चा शेवट बघितल्यावर या शब्दाचा अर्थ कळतो.

तंत्रातच दडलेला टोमणा

स्टॉप-मोशन म्हणजे काय, हे माहीत नसेल तर दोन ओळीत. बाहुला किंवा मातीची आकृती कॅमेऱ्यासमोर ठेवायची, एक फोटो काढायचा, बाहुला किंचित हलवायचा, पुन्हा फोटो. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. प्रत्येक स्थिती दोन चौकटींसाठी वापरली, तरी सेकंदाला १२ वेळा बाहुल्याला हात लावावा लागतो. १८ मिनिटांचा हिशेब केलात तर आकडा १३ हजारांच्या आसपास जातो. ‘शॉन द शीप’ बघितलं असेल तर तेही हेच तंत्र.

या प्रकारात एक नियम अलिखित असतो: बाहुला हलवणारा हात प्रेक्षकाला दिसता कामा नये. तो दिसला की जादू संपली. त्रन्कांनी नेमका तोच हात फिल्मचा खलनायक केला. म्हणजे हा बाहुला ज्याच्याशी भांडतोय, त्याच्याच जोरावर तो हलतोय. हे कळलं की पोटात थोडं गोळा येतं.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. त्रन्कांच्या बाहुल्यांचे चेहरे रंगवलेले आणि स्थिर असत. डोळे मोठे होत नाहीत, ओठ हलत नाहीत. तरी ‘रुका’मधला बाहुला घाबरलेला, वैतागलेला, हरलेला दिसतो, तो प्रकाश कुठून पडतोय, कॅमेरा कुठे ठेवलाय आणि मान किती कललीय यावरून. संवाद एकही नाही. वात्स्लाव त्रोयान यांचं संगीत आणि ठोकल्या-फुटल्याचे आवाज, बस.

त्रन्का बंडखोर होते का?

इथे गोष्ट सरळ राहत नाही, आणि मला तरी हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

यिरी त्रन्का यांचा जन्म १९१२ साली प्ल्झेन शहरातला. शाळेत त्यांना चित्रकला शिकवणारे योसेफ स्कुपा हे स्वतः नावाजलेले कठपुतळीकार होते. चेक लोकांसाठी कठपुतळी हा पोरांचा खेळ नव्हता, ती त्यांच्या भाषेची आणि संस्कृतीची जिवंत परंपरा होती. आपल्याकडे पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जशा एका समाजाने जपल्या, तसं काहीसं. फक्त तिथे ती परंपरा शहरांतल्या थिएटरांपर्यंत पोचली.

१९४५ साली महायुद्ध संपलं आणि चेकोस्लोव्हाकियातला सिनेउद्योग सरकारच्या ताब्यात गेला. त्रन्का त्याच सुमारास ॲनिमेशनमध्ये आले. पुढच्या २० वर्षांत त्यांनी जे केलं त्यामुळे पाश्चिमात्य पत्रकार त्यांना ‘पूर्वेचे वॉल्ट डिस्ने’ म्हणू लागले. ही तुलना तशी गंडलेलीच. डिस्नेचा माल गाणाऱ्या प्राण्यांवर चालायचा, तर त्रन्का शेक्सपिअरचं ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ आणि यारोस्लाव हाशेकच्या ‘श्वेक’वर बाहुलीपट करत होते.

आणि हे सगळं सरकारी तिजोरीतून. तिकीट विक्रीची फिकीर न करता वर्षानुवर्षं एका फिल्मवर काम करायची मुभा त्यांना मिळाली ती याच व्यवस्थेमुळे. सन्मान मिळाले, ‘राष्ट्रीय कलावंत’ हा किताबही मिळाला. म्हणजे त्रन्का पिंजऱ्याबाहेर उभे राहून आत दगड मारत नव्हते. सोनेरी पिंजरा आतून कसा दिसतो, पदकाचं वजन किती असतं, हे त्यांना स्वतःला माहीत होतं. ‘रुका’ ही विरोधकाने सत्तेवर केलेली टीका नाही. ती सन्मानित माणसाची जबानी आहे. म्हणूनच ती इतकी झोंबते.

ही त्यांची शेवटची फिल्म ठरली.

प्रागच्या टेकडीवरचा पुतळा

फिल्ममध्ये कुठल्याही नेत्याचं नाव नाही, झेंडा नाही, गणवेश नाही. पण १९६५च्या प्रागमधल्या प्रेक्षकाला मोठा दगडी पुतळा म्हटल्यावर काय आठवलं असेल, याचा अंदाज बांधता येतो.

प्रागमध्ये लेतना नावाची टेकडी आहे, खालून नदी वाहते. १ मे १९५५ रोजी या टेकडीवर स्टालिनच्या १५ मीटरहून उंच ग्रॅनाइटच्या पुतळ्याचं अनावरण झालं. पुढे स्टालिन आणि मागे ओळीने कामगार, शेतकरी, सैनिक. प्रागकरांनी त्याचं नाव ठेवलं ‘मटणाची रांग’. दुकानाबाहेर रांगा लावून कंटाळलेल्या लोकांना त्या शिल्पात दुसरं काही दिसेना.

पुतळा करणारे शिल्पकार होते ओटाकार श्वेत्स. अनावरणाच्या काही आठवडे आधी त्यांनी आत्महत्या केली. वर्षभरातच, फेब्रुवारी १९५६मध्ये, मॉस्कोत ख्रुश्चेव्ह यांनी स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर जाहीर टीका नव्हे, पण पक्षाच्या बंद दारांआडच्या भाषणात कडाडून हल्ला केला. ज्याच्यासाठी एवढा डोंगर उभा केला तोच आता अडचणीचा झाला. नोव्हेंबर १९६२मध्ये सुरुंग लावून तो पुतळा उडवला गेला. उभा राहिला जेमतेम साडेसात वर्षं.

त्यानंतर तीन वर्षांनी ‘रुका’ आली.

मग १९६५ मध्ये ती चालली कशी?

कारण तो काळ थोड्या मोकळिकीचा होता. मिलोश फोरमन यांच्यासारखे दिग्दर्शक तेव्हा सरकारी स्टुडिओतूनच सरकारी ढोंगावर बोट ठेवणारे सिनेमे करत होते. ‘द शॉप ऑन मेन स्ट्रीट’ या चेकोस्लोव्हाक सिनेमाला १९६६ साली ऑस्कर मिळालं. ‘रुका’चंही फ्रान्समधल्या ॲनेसीच्या ॲनिमेशन महोत्सवात कौतुक झालं. देशाबाहेर कौतुक होतंय तर होऊ दे, असा तो काळ.

ही मोकळीक १९६८च्या ‘प्राग स्प्रिंग’पर्यंत वाढत गेली आणि २० ऑगस्टच्या रात्री वॉर्सा करारातल्या देशांचे रणगाडे शहरात शिरले. १९६९च्या एप्रिलमध्ये गुस्ताव हुसाक पक्षप्रमुख झाले. त्यानंतरच्या काळाला सरकारी नाव होतं ‘नॉर्मलायझेशन’. म्हणजे सगळं पूर्ववत करणं. (सेन्सॉरशिपला नावं किती गोड ठेवली जातात यावर एक वेगळा लेख होईल.)

३० डिसेंबर १९६९ रोजी त्रन्का वारले. वय अवघं ५७. प्ल्झेनमध्ये त्यांचा अंत्यविधी हा मोठा सार्वजनिक कार्यक्रम झाला. आणि त्यानंतर काही महिन्यांतच ‘रुका’वर बंदी आली, तिच्या प्रती जप्त झाल्या.

क्रम पुन्हा वाचा. आधी कलावंताला मानाने निरोप, मग त्याची फिल्म कुलपात. चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः जे दाखवलं होतं, त्याच्या किती जवळचं. पटकथा म्हणून कुणी हे लिहिलं असतं तर ‘फारच योगायोग झाला’ म्हणून परत आली असती.

याच देशात त्यांच्यानंतर यान श्वांकमायर आले. त्यांच्यावर सत्तरच्या दशकात काही वर्षं फिल्म करायचीच बंदी होती. १९८२च्या त्यांच्या ‘डायमेन्शन्स ऑफ डायलॉग’ला बर्लिनमध्ये बक्षीस मिळालं आणि मायदेशात ती दाखवायची नाही असं ठरलं. तिच्यात दोन डोकी एकमेकांना खात राहतात, इतकी की शेवटी सगळी सारखीच दिसायला लागतात. टीव्हीवरच्या रात्री नऊच्या चर्चा बघणाऱ्यांनी जरूर बघावी.

आता २०२५ मध्ये या

बाहुल्यांचा देश सोडून अमेरिकेत जाऊ, कारण तिथे सप्टेंबर २०२५मध्ये एक प्रकरण घडलं, ते ‘रुका’च्या चष्म्यातून फार नीट दिसतं.

जिमी किमेल हे एबीसी वाहिनीवरच्या रात्रीच्या विनोदी कार्यक्रमाचे सूत्रसंचालक. चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर किमेल यांनी कार्यक्रमात केलेल्या वक्तव्यावरून वाद झाला. १७ सप्टेंबरला दूरसंचार नियामक संस्थेचे म्हणजे एफसीसीचे प्रमुख ब्रेंडन कार यांनी एका पॉडकास्टमध्ये स्थानिक वाहिन्यांच्या परवान्यांचा विषय काढत कारवाईचे संकेत दिले. काही तासांत नेक्स्टार या कंपनीने आपल्या वाहिन्यांवर हा कार्यक्रम दाखवणार नाही असं जाहीर केलं. सिंक्लेअर या दुसऱ्या कंपनीनेही तेच केलं. त्याच दिवशी एबीसीने कार्यक्रम बेमुदत थांबवला. नेक्स्टारचा तेव्हा टेग्ना ही कंपनी विकत घेण्याचा ६२० कोटी डॉलरचा व्यवहार चालू होता आणि त्याला मंजुरी लागणार होती एफसीसीचीच.

गदारोळ झाला, लोकांनी डिस्नेची सबस्क्रिप्शन रद्द करायची मोहीम काढली आणि २३ सप्टेंबरला किमेल परत आले. कार यांचं म्हणणं असं की निर्णय कंपन्यांनी व्यवसाय म्हणून घेतला, सरकारने नाही.

आता सांगा, कार्यक्रम बंद कुणी केला? सरकारने आदेश काढला नाही. कंपनीने ‘व्यवसाय’ केला. वाहिनीने ‘वातावरण शांत’ केलं. प्रत्येक बोट म्हणू शकतं की मी तर फक्त एक बोट. पाचही बोटं मिटली की काय होतं, ते बाहुल्याला विचारा.

किमेल चुकीचं बोलले की बरोबर, यावर वाद घालता येईल आणि घालावाही. तो वाद वेगळा. इथे मुद्दा पद्धतीचा आहे.

आणि आपल्याकडे?

तुलना करताना आधी फरक सांगायला हवा, नाहीतर नुसती आरडाओरड होते. १९७०च्या चेकोस्लोव्हाकियात त्रन्कांच्या फिल्मसाठी कोर्टात जायची सोय नव्हती. आपल्याकडे आहे, आणि ती वापरली गेलेली आहे. मुंबईतच.

६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने आयटी नियमांत बदल केला. केंद्राच्या कामकाजाबद्दलचा एखादा मजकूर सरकारच्याच ‘फॅक्ट चेक युनिट’ने खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवला आणि सोशल मीडिया कंपनीने तरीही तो ठेवला, तर त्या कंपनीला मिळणारं कायदेशीर संरक्षण जाऊ शकणार होतं. सरकारची बाजू अशी होती की हे फक्त चुकीच्या माहितीला आळा घालण्यासाठी आहे, व्यंग आणि टीकेला धोका नाही. कॉमेडियन कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठातल्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी मत दिलं आणि तो नियम घटनाबाह्य ठरला.

या नियमाची रचना बघा. तुमच्या पोस्टसाठी तुम्हाला थेट पकडायची गरजच नव्हती. कंपनीला जोखीम वाटली की कंपनीच पोस्ट काढणार. खोलीत कुणी न शिरताच खिडकी बंद.

न्यायालयाने हा नियम मोडीत काढला तरी गोष्ट तिथे थांबली नाही. मार्च २०२५मध्ये कामरा यांच्या एकनाथ शिंदे यांच्यावरच्या विडंबनगीताचा व्हिडिओ आला. शिंदेंच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खारमधल्या ‘हॅबिटॅट’ या जागेची तोडफोड केली, जिथे तो कार्यक्रम चित्रित झाला होता. तोडफोड करणाऱ्यांना अटक झाली, जामीनही मिळाला. दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथक अनधिकृत बांधकामाच्या मुद्द्यावर तिथे पोचलं. आणि जागेच्या चालकांनी जाहीर केलं की आम्ही बंद करतोय.

व्हिडिओ मात्र यूट्यूबवर राहिला आणि प्रचंड बघितला गेला. जोक टिकला, खोली गेली. त्या खोलीत उद्या उभं राहून पहिल्यांदाच पाच मिनिटं बोलणार होते असे जे नवखे कॉमेडियन होते, त्यांची कुंडी फुटली. त्यांचा या वादाशी काही संबंध नव्हता.

हा हात एकाच पक्षाचा असतो असं समजू नका. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका तरुणीला, आणि ती पोस्ट लाइक केली म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. तेव्हा राज्यात आणि केंद्रात दोन्हीकडे काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. त्या अटकेनंतर जी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, त्यातून २४ मार्च २०१५ रोजी आयटी कायद्यातलं ६६अ कलम रद्द झालं. त्याच्याही खूप आधी, १९७२ साली, तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वरून कमलाकर सारंग उच्च न्यायालयात लढत होते. आपल्याकडे या भांडणाला मोठा इतिहास आहे.

कपाटावरची कुंडी

न्यायालयात लढता येईल अशी बंदी तरी दिसते. तिला तारीख असते, आदेश क्रमांक असतो. पण ‘रुका’मधला मृत्यू ज्या प्रसंगात होतो तिथे हात खोलीत नाहीच. बाहुला एकटा आहे. तो पळून आलाय, तांत्रिकदृष्ट्या मोकळा आहे. भीती मात्र सोबत घेऊन आलाय. आणि त्या भीतीपोटी त्याने जे केलं, खिडक्या ठोकल्या, जपायची वस्तू उंचावर नेऊन ठेवली, त्यानेच तो गेला.

आता आपल्या फोनमधले ड्राफ्ट आठवा. लिहिलेली आणि पोस्ट न केलेली ओळ. ‘फॅमिली ग्रुपवर काका आहेत, जाऊ दे.’ ‘नोकरी बदलायचीय, आत्ता नको.’ इन्स्टाग्रामवर व्हिडिओ दाबला जाऊ नये म्हणून शब्दांच्या मध्ये चांदण्या टाकणारे, ‘खून’ऐवजी भलतंच काहीतरी लिहिणारे क्रिएटर आठवा. यातल्या एकालाही कुणी नोटीस पाठवलेली नाही. अल्गोरिदमला काय आवडत नाही हे कुणी अधिकृतपणे सांगितलेलं नसतं, तरी सगळे अंदाजाने खिडक्या ठोकत असतात.

यातली प्रत्येक माघार भ्याडपणाची असते असं मी म्हणणार नाही. न लिहिलेल्या दहा पोस्टपैकी सात न लिहिलेल्याच बऱ्या असतात. अफवा रोखायलाच हव्यात आणि कुणाच्या जिवावर उठणारा मजकूर म्हणजे व्यंग नव्हे. अडचण उरलेल्या तिनांची आहे, कारण त्या कुठे मोजल्या जात नाहीत. जप्त झालेल्या फिल्मच्या प्रती निदान कुलपात असतात, पुढे बाहेर काढता येतात. १९८९मध्ये चेकोस्लोव्हाकियातली राजवट कोसळल्यावर ‘रुका’ही पुन्हा लोकांसमोर आली. जी फिल्म त्रन्कांनी घाबरून केलीच नसती, तिला कुठल्या कुलपातून काढणार होते?

फिल्म बघायची असेल तर भाषेची अडचण नाही, एकही शब्द नाही. सबटायटल्स लागत नाहीत. हेडफोन लावा, कारण सगळा खेळ टकटक, ठोकठोक आणि फुटण्याच्या आवाजाचा आहे. आणि टीव्हीचा प्रसंग आला की घाई करू नका. एकेक हात नीट बघा. त्यातला एखादा तुम्हाला खरंच आवडेल, पटेल, थोर वाटेल. त्रन्कांनी तो मुद्दाम ठेवलाय.